तालुक्याच्या गावात नाटकमंडळी: घरचे कलाकार, बाहेरचे कलाकार आणि मधला हिशेब

कोकणात आणि गोव्यात गावच्या उत्सवाला नाटक बसतं, तेव्हा पुरुषपात्रं गावातलीच असतात, दिग्दर्शक गावातलाच असतो आणि स्त्रीपात्रांसाठी नटी बाहेरून ठरवतात. ही पद्धत पिढ्यानपिढ्यांची आहे. नटी दुपारी येते, एखादी तालीम करते, रात्री उभी राहते आणि सकाळच्या गाडीने पुढच्या गावाला जाते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, याच गोष्टीचा पुढे मोठा व्यवसाय झाला. धानाची कापणी उरकली की मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने गावोगाव रात्रभराची नाटकं लागतात, वडशात म्हणजे देसाईगंजात कंपन्यांची बुकिंगं चालतात आणि स्थानिक नटांच्या शेजारी नागपूर-मुंबईहून आलेले नट उभे राहतात. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच नाट्यरसिकांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं असावं.

तेव्हा गावचे आणि व्यावसायिक कलाकार एकत्र येणं आपल्याकडे नवं नाही. अवघड आहे ते एका रात्रीच्या नाटकापुरता जमलेला हा मेळ वर्षानुवर्षं टिकणारी मंडळी म्हणून उभा करणं. ज्यांना आपल्या तालुक्याच्या गावात अशी संस्था काढायची आहे आणि ज्यांच्याकडे सध्या उत्साहाखेरीज फारसं काही नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. प्रत्येक टप्प्यावर मी एकच प्रश्न विचारतो: बाहेरचा माणूस काम करून गेल्यावर गावात काय उरलं?

१. बाहेरचा माणूस कशासाठी हवा, ते आधी लिहून काढा

बहुतेक मंडळ्या इथेच घसरतात. "मालिकेतलं कुणीतरी घेऊ या, तिकिटं जातील," अशी सुरुवात होते. पहिल्या प्रयोगाला ती जातातही. दुसऱ्या प्रयोगाला त्या नटीच्या तारखा नसतात आणि खिडकीवर लोक विचारतात, "ती नाही का आज?" तुमच्या आठ कलाकारांनी दोन महिने घाम गाळलेलं नाटक मग 'ती नसलेलं नाटक' होऊन बसतं.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी बाहेरच्या माणसांवर जेवढा पैसा खर्च करता येईल, तो चेहऱ्यावर घालू नका. तो दिग्दर्शकावर, प्रकाशयोजनाकारावर आणि आवाजाचं काम शिकवणाऱ्या माणसावर घाला. तालुक्यात अभिनय येणारी माणसं सापडतात. कमतरता असते ती शेवटच्या रांगेपर्यंत न ओरडता शब्द कसा पोचवायचा हे सांगणाऱ्याची, आणि सहा दिव्यांत संध्याकाळ कशी करायची हे जाणणाऱ्याची. असा माणूस एका नाटकात गावातल्या दोघांना हाताशी धरून शिकवू शकतो. मालिकेतली नटी ते करणार नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही रास्त नाही.

नट बाहेरून घ्यायचेच असतील तर जास्तीत जास्त दोन. तेही अशा भूमिकांसाठी, ज्यांच्या वयाचं किंवा तयारीचं माणूस गावात खरोखर नाही.

२. गावातली माणसं शोधायला बाहेर पडा

'कलाकार पाहिजेत' असा फलक लावलात की कॉलेजातली आठ पोरं येतील, त्यातली सहा फोनवर व्हिडिओ काढत बसतील. खरी माणसं फलक वाचून येत नाहीत. ती आधीच कुठेतरी काम करत असतात, तिथे जाऊन त्यांना बघावं लागतं.

भजनी मंडळात जा. तिथल्या पखवाजवाल्याला लय कळते आणि पेटीवाल्याला सूर पडण्याआधी सावरता येतो. सिंधुदुर्गात असाल तर दशावतारी बघा, रत्नागिरीत नमन-खेळे करणारे, झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमतवाले. शाळेचं स्नेहसंमेलन दरवर्षी एकहाती उभं करणाऱ्या बाई प्रत्येक गावात असतात. अशा बाईंपेक्षा चांगली व्यवस्थापक तुम्हाला पगार देऊनही मिळणार नाही. राज्य नाट्यस्पर्धेत किंवा कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धेत दहा-पंधरा वर्षांपूर्वी उतरलेली, मग संसारात अडकलेली माणसं बँकेत आणि एसटी डेपोत भेटतात. मंडपवाला, इलेक्ट्रिशियन आणि सुतार हे तिघेही नट निवडण्याच्या आधी ठरवा.

माणसं जमली की निवड एका दिवसात करू नका. तीन-चार संध्याकाळी एकत्र खेळ, वाचन, गाणं असं काहीतरी करा आणि दोनच गोष्टी टिपा: कोण वेळेवर येतो आणि समोरचा बोलत असताना कोण ऐकतो. चेहरा आणि आवाज यांचं नंतर बघता येतं.

दशावतारी कलाकार घेतलात तर एक लक्षात ठेवा. त्यांचे संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेलं असतं आणि बोलणं रंगमंचावर उभं राहूनच रचलं जातं. अशा माणसाला पाठांतराची वही देऊन "शब्द न शब्द हवा" म्हणालात तर त्याचा अर्धा जीव तिथेच जातो. त्याला अशी भूमिका द्या, जिथे दोन ठरलेल्या वाक्यांच्या मध्ये त्याला मोकळं रान मिळेल. शेवटचं वाक्य मात्र पक्कं ठेवा, कारण पुढच्या नटाची एन्ट्री आणि दिव्याचा क्यू, म्हणजे इशारा, त्यावर असतो.

३. बोली कोणाची?

हा प्रश्न भाषेपुरता राहत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांनी १९५९ मध्ये नया थिएटर ही नाट्यसंस्था सुरू केली आणि छत्तीसगडच्या नाचा या लोकनाट्याच्या कलाकारांना शहरी रंगमंचावर आणलं. सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांचं मनासारखं जमेना. हेच कलाकार गावात रात्र जागवत आणि इथे येऊन अवघडत. कारणं त्यांना उशिरा लक्षात आली. एक तर या नटांकडून प्रमाण हिंदी बोलून घेतली जात होती. दुसरं म्हणजे इकडून तीन पावलं, तिकडे वळा, असं ब्लॉकिंग त्यांच्यावर लादलं जात होतं. १९७३ साली रायपूरच्या नाचा कार्यशाळेपासून छत्तीसगडीला आणि कलाकारांच्या सुचण्याला पूर्ण वाव मिळाला आणि पुढचं काम देशाने पाहिलं.

आपल्या गडचिरोली-गोंदियाची हद्द त्या छत्तीसगडला लागून आहे, पण धडा सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे. मालवणी, झाडी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या नटाला पुस्तकी मराठीत उभं केलंत की तो आधी व्याकरण सांभाळतो, मग अभिनय. त्याला त्याच्या बोलीत राहू द्या. उलट बाजूने, पुण्याच्या नटाला दहा दिवसांत मालवणी शिकवून मालवणी माणूस करू नका. गावचा प्रेक्षक पहिल्या वाक्याला ओळखतो आणि हसतो, तेही नको त्या जागी. बाहेरच्या नटाला बाहेरचीच भूमिका द्या: बदलून आलेला अधिकारी, मुंबईहून परतलेला भाऊ, लग्न होऊन आलेली सून. संहिता निवडतानाच हे डोळ्यांसमोर असलं तर अर्धी भांडणं टळतात.

४. संहिता आणि तिची कागदपत्रं

आठ ते दहा पात्रं, एका टेम्पोत मावणारं नेपथ्य आणि दोन तासांच्या आत संपणारा प्रयोग, एवढं पहिल्या वेळी पुरे. एक बारीक हिकमत सांगतो: ज्यात बाहेरच्या नटांचे प्रवेश दोन-तीन सलग तुकड्यांत येतात अशी संहिता शोधा. मग ते नसताना तुमची बाकीची तालीम अडत नाही. दर चौथ्या मिनिटाला आत-बाहेर करणारं पात्र बाहेरच्या माणसाकडे असेल तर त्याच्या गैरहजेरीत काहीच बसत नाही.

लेखकाची परवानगी लेखी घ्या, प्रयोगामागे किती मानधन ते त्याच कागदावर येऊ द्या. लेखक हयात नसेल तर मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. नाटक अनुवादित असेल तर अनुवादकाची परवानगी वेगळी लागते. हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रयोग केला तर कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण ज्याला मंडळी म्हणून उभं राहायचं आहे त्याने सवलतीच्या आधाराने लेखकाला चुकवू नये. सिनेमातली गाणी पार्श्वसंगीताला वापरायचा मोहही टाळा. परवानग्यांची कटकट आहेच, शिवाय घरात भजनी मंडळाची पेटी असताना दुसऱ्याचं गाणं कशाला?

महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता लवकर पाठवा. तालमी संपत आल्यावर आठवण झाली की मग ओळखी शोधत फिरावं लागतं. मंजूर संहितेत पुढे मोठे बदल केलेत तर तेही कळवावे लागतात, म्हणून तालमीत सुचलेलं शक्य तितकं आधीच कागदावर आणा.

५. संस्था नोंदवा

किमान सात सभासद घेऊन १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. सातही जण नट नकोत. त्यात एक हिशेब कळणारा आणि एक नाटकाशी संबंध नसलेला पण गावात शब्दाला वजन असलेला माणूस असावा. पॅन, बँक खातं, दोन सह्या आणि दरवर्षी लेखापरीक्षण. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. जुन्या संस्थांची निम्मी भांडणं या एका न भरलेल्या कागदातून उगवलेली असतात.

६. पैसा

खाली दिलेले आकडे समजुतीपुरते आहेत. तुमच्या गावचे दर घालून हाच तक्ता वहीत मांडा.

समजा नाट्यगृह ४०० खुर्च्यांचं आहे, तिकीट १५० रुपये आणि प्रेक्षक ६० टक्के आले. म्हणजे २४० तिकिटं, ३६,००० रुपये. आता खर्च: नाट्यगृहाचं भाडं ८,०००, दिवे आणि ध्वनी ७,०००, टेम्पो ४,०००, बाहेरच्या दोन नटांची नाइट (एका प्रयोगाचं मानधन) प्रत्येकी ४,००० म्हणजे ८,०००, त्यांचा प्रवास आणि राहणं ४,०००, गावच्या आठ जणांना प्रत्येकी ७०० म्हणजे ५,६००, लेखकाचं मानधन १,५००, फलक आणि जाहिरात २,०००. बेरीज ४०,१००. बऱ्यापैकी भरलेल्या प्रयोगालाही ४,१०० रुपयांचं नुकसान. यात नेपथ्य, कपडेपट आणि दोन महिन्यांच्या तालमीचा चहा धरलेला नाही.

हा तक्ता पाहून लोक पहिल्यांदा काय कापतात? गावच्या आठ जणांचे ७०० रुपये. "आपलीच माणसं आहेत," असं म्हणून. माझ्या मते संस्था मोडायला यापेक्षा सोपा रस्ता नाही. त्याच रंगमंचावर एकाला पाकीट आणि एकाला नारळ मिळाला की दुसऱ्या नाटकाला नारळवाला येत नाही, आला तरी उशिरा येतो. रक्कम लहान असू दे, पण प्रत्येक प्रयोगाला प्रत्येकाच्या हातात पाकीट पडलं पाहिजे, पडदा ओढणाऱ्याच्यासुद्धा. बाहेरच्या नटाला जास्त मिळतं हे गावचे कलाकार समजून घेतात, कारण तो त्याचा पोटापाण्याचा धंदा आहे. लपवाछपवी मात्र ते समजून घेत नाहीत. कोणाला किती, हे सगळ्यांना माहीत असू द्या.

मग तूट भरायची कशी? कॉन्ट्रॅक्ट शो हा मुख्य मार्ग. गणेशोत्सव मंडळ, पतसंस्थेचा वर्धापनदिन, कॉलेज, देवस्थान यांनी ठरावीक रकमेला प्रयोग विकत घ्यायचा. तिकिटाच्या चार प्रयोगांमागे असे दोन मिळाले तरी गाडा चालतो. तिकीट माणशी ५०० रुपयांच्या आत असलं तर नाटकावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे ती भीती नको. गावातल्या दुकानदारांकडून रोख देणगी मागण्यापेक्षा वस्तू मागा. कापडवाला कपडा देतो, लाकडाच्या वखारीतून फळ्या येतात, हॉटेलवाला दौऱ्याची जेवणं सांभाळतो. संस्थेला दोन-तीन वर्षांचं काम आणि स्वच्छ हिशेब दाखवता आले की राज्याचं नाट्यनिर्मिती अनुदान आणि केंद्राचं गुरु-शिष्य परंपरेचं रेपर्टरी अनुदान यांच्याकडे बघा. अनुदानाच्या भरवशावर पहिलं नाटक मात्र काढू नका. ते येतं तेव्हा येतं.

७. तालमी

आठ आठवडे धरा. त्याआधी कॅलेंडर उघडून शेताची कामं, गणपती, शिमगा, परीक्षा आणि लग्नसराई यांवर काट मारा. जे उरेल तोच तुमचा हंगाम.

बाहेरच्या नटाचे एकूण दहा दिवस मागा आणि ते असे वाटा: पहिल्या वाचनाला एक, चौथ्या आठवड्याअखेर दोन, सहाव्याअखेर दोन आणि शेवटचे पाच सलग. पहिलं वाचन सगळ्यांनी एकत्र बसून करणं चुकवू नका. नट फोनवरून वाचनाला हजर राहतो म्हणाला तर नाही म्हणा. त्या दिवशी सगळे एकाच सतरंजीवर बसतात, एकमेकांची नावं कळतात आणि भूमिकेबाहेरची माणसं दिसतात. जो फक्त रंगीत तालमीला उगवतो, तो प्रयोग संपेपर्यंत पाहुणाच राहतो.

तो नसताना त्याची भूमिका गावातलाच कुणीतरी करेल. यासाठी वही हातात घेऊन वाक्यं पुटपुटणारा नुसता उभा माणूस नको. ज्याला ती भूमिका उद्या करता येईल असा माणूस हवा. मालिकेचं शूटिंग लांबल्याचा फोन दुपारी चार वाजता येतो आणि प्रयोग साडेआठला असतो. त्या वेळी तुमच्याकडे तयार रिप्लेसमेंट असेल तर घंटा वेळेवर होते. आणि प्रयोगांच्या ठरावीक संख्येनंतर ती भूमिका त्या गावच्या नटाला द्यायची, हे पहिल्या दिवशीच दोघांना सांगून ठेवा. चांगला व्यावसायिक नट याला हसत मान्यता देतो. जो देत नाही, त्याला घेऊ नका.

आवाजाची गोष्ट. कॅमेऱ्याला सरावलेला नट लहान बोलतो, मैदानात वाढलेला नट मोठं बोलतो. दोघं समोरासमोर आले की एक बातमी सांगतोय आणि दुसरा सभा घेतोय असं वाटतं. दिग्दर्शकाने शेवटच्या रांगेत जाऊन बसावं आणि एकाच प्रवेशाला दोघांना पुन्हापुन्हा बोलायला लावावं, दोन्ही आवाज एका खोलीतले वाटेपर्यंत. यात बहुतेक वेळा शहरी नटाला जास्त चढावं लागतं, हे त्याला आधीच सांगितलेलं बरं.

सूचना फक्त दिग्दर्शकाने द्यायच्या. बाहेरच्या नटाने मधेच थांबून "असं नाही रे, असं कर" म्हटलं की समोरचा गप्प होतो आणि पुढचे तीन दिवस गप्पच राहतो. त्या नटाला शिकवायची हौस असेल तर छानच. तालमीआधी रोज एक तास त्याचा वर्ग ठेवा आणि तो करारात घाला. त्या तासाला त्याने गावच्या पखवाजवाल्याकडून चार बोल शिकावेत, म्हणजे देणंघेणं सरळ होतं.

स्त्री कलाकार टिकत नाहीत अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. पण तालीम रात्री साडेदहाला सुटते आणि ती घरी कशी जाते हे कुणी विचारत नाही. तालीम साडेसात ते साडेनऊ ठेवा, घरापर्यंत सोडायची गाडी संस्थेच्या खर्चात धरा आणि दौऱ्यावर कपडे बदलायची बंद, आतून कडी असलेली खोली मिळाल्याशिवाय टेम्पोतून सामान उतरवू नका. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर २०१३च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. ती कागदावर ठेवू नका, पहिल्या तालमीला समितीतल्या सदस्यांची नावं सगळ्यांसमोर सांगा.

८. एका पानाचा करार

ओळखीतलं माणूस आहे म्हणून करार टाळतात आणि मग ओळखही जाते. एक पान पुरतं. तालमीचे दिवस, नाइट किती आणि ती कधी मिळणार, प्रयोग रद्द झाल्यास काय, तारीख किती दिवस आधी कळवायची, प्रवास कोणत्या वर्गाचा, राहणं कुठे, प्रयोगाच्या चित्रफितीचा वापर कोण करणार आणि जाहिरातीत नावं कोणत्या क्रमाने येणार. नावांचा क्रम रंगमंचावर येण्याच्या क्रमाने किंवा अकारविल्हे ठेवलात तर वाद उरत नाही. हाच कागद गावच्या कलाकारांकडूनही सही करून घ्या. त्यांना आधी हसू येईल, पण सही केल्यावर तालमीची वेळ जरा वेगळ्या डोळ्यांनी बघितली जाते.

दौऱ्यावर सगळ्यांचं राहणं-जेवण सारखं असावं. शाळेच्या वर्गात झोपायची वेळ आली तर बाहेरचा नटही तिथेच. हे करारात आधी लिहिलेलं असलं की त्या रात्री कुणाचं तोंड वाकडं होत नाही.

९. प्रयोग

तालुक्यात सुसज्ज नाट्यगृह असेलच असं नाही. मंगल कार्यालय, शाळेचं सभागृह, देवळापुढचं पटांगण अशा जागा मिळतात. नेपथ्य त्यांच्या मापाने करा: लहानात लहान मंच धरून आखलेलं नेपथ्य मोठ्या मंचावर पसरता येतं, उलटं होत नाही. उघड्यावर खेळणार असाल तर ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते बहुधा मोठ्या सणांना खर्ची पडतात. म्हणून उघड्यावरचा प्रयोग सात-सव्वासातला सुरू करा आणि पोलीस परवानगीचा अर्ज वेळेत द्या. जनरेटर ठरवा, भले लाइट जात नाही असं सगळे शपथेवर सांगोत.

१०. पुढचं वर्ष

इथे एक उदाहरण नजरेपुढे ठेवण्यासारखं आहे. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातलं हेग्गोडू हे छोटंसं खेडं. तिथे १९४९ मध्ये के. व्ही. सुब्बण्णा आणि त्यांच्या मित्रांनी नीनासम ही हौशी नाट्यसंस्था काढली. १९८०च्या सुमारास तिथे नाट्यशिक्षणाची संस्था सुरू झाली आणि १९८५ मध्ये तिरुगाट हा फिरता नाट्यसंच निघाला, जो हंगामभर कर्नाटकात नाटकं घेऊन हिंडतो. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या क्रमाकडे बघा: आधी गावची हौस, मग शिक्षण, मग दौरा. मधे तीन दशकांहून जास्त काळ गेला. आपल्याकडे पहिल्याच वर्षी दौऱ्याची बस रंगवायची घाई असते.

तुमच्या मापाने याचा अर्थ असा. पहिल्या वर्षी एक नाटक, आठ-दहा प्रयोग, शंभर किलोमीटरच्या आत. दुसऱ्या वर्षी तेच नाटक चालू ठेवून दुसरं, त्यात बाहेरचा नट एकच. तिसऱ्या वर्षी दिवे गावातल्या मुलाने करावेत आणि ज्याने त्याला शिकवलं, त्याने फक्त रंगीत तालमीला येऊन बघावं. स्पर्धेत उतरायचं असेल तर हौशी स्पर्धेची त्या वर्षीची नियमावली वाचून मगच पात्रयोजना करा. ज्या नाटकात व्यावसायिक नट आहेत ते वेगळं ठेवा आणि स्पर्धेसाठी गावच्या माणसांचंच दुसरं बसवा.

प्रत्येक नाटकाचे प्रयोग संपले की पंधरा दिवसांच्या आत बैठक बोलवा. जमा-खर्चाची वही मधोमध ठेवा, ज्याला बघायची त्याने बघावी. त्याच बैठकीत रिप्लेसमेंट करणाऱ्याला मूळ भूमिका सोपवा, नेपथ्य कुणाच्या गोठ्यात ठेवायचं ते ठरवा आणि पावसाळ्याआधी नेपथ्याच्या फ्लॅटना, म्हणजे उभ्या चौकटींना, वाळवी लागू नये म्हणून ते जमिनीपासून वीतभर उंच विटांवर ठेवायला कुणाला तरी नाव घेऊन सांगा.